हयातीचा दाखला

मराठवाड्यातल्या जुन्या शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं चाळताना जन्मतारखेच्या रकान्यात १ जून ही तारीख पुन्हा पुन्हा भेटते. घरात जन्माची नोंद ठेवायची रीत नव्हती. पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचं. कान हाताला लागला, की पोरगं सहा वर्षांचं झालं असं समजून गुरुजी नाव घालून घ्यायचे आणि शाळा जूनमध्ये उघडते म्हणून जन्मही जूनमधलाच लिहायचे. ज्या मुली शाळेत गेल्याच नाहीत, त्यांच्या वाट्याला ही मानलेली तारीखसुद्धा आली नाही.

म्हणून हिंगोलीच्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसाला वय विचारलं, तर उत्तर आकड्यात येईलच असं नाही. रझाकारात मी रांगत होतो, बहात्तरच्या दुष्काळात थोरला कडेवर होता, अशा खुणांनी वय मोजलं जातं. या खुणा साध्या नाहीत. हा मुलूख तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्यात होता. भारत स्वतंत्र झाल्यावरही इथे तेरा महिने वाट पाहावी लागली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान भारतात आलं. त्याआधीच्या, रझाकारांच्या धामधुमीत अनेक कुटुंबांनी घरदार सोडून सरहद्दीपलीकडे वऱ्हाडात आसरा घेतला. पुढे १९७२ साली विहिरी आटल्या, लोक खडी फोडायला रस्त्यावर आले, सुकडी आणि मिलो ज्वारीवर दिवस निघाले. ज्याचं वय अशा गोष्टींनी मोजलं जातं, त्याच्या आयुष्याचा हिशेबही वेगळ्या वहीत असतो.

हिंगोली जिल्हा स्वतः मात्र वयानं लहान आहे. १ मे १९९९ रोजी तो परभणीतून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. २०११च्या जनगणनेत लोकसंख्या ११ लाख ७७ हजार, आणि त्यातले शंभरातले पंच्याऐंशी लोक खेड्यांत राहणारे. वय वाढताना आयुष्याकडे बघण्याची नजर बदलते, असं सगळेच म्हणतात. ती कशानं बदलते आणि कोणाला ते बदलणं परवडतं, हे पाहायला असा जिल्हा बरा; कारण इथे म्हातारपण निवृत्तीच्या पत्रानं येत नाही. वावरात चालणारे पाय एका पावसाळ्यात कुरकुरायला लागतात आणि घरातली माणसं न बोलता अवजड कामं दुसऱ्याकडे देतात, तेव्हा ते आलेलं असतं.

आधी आयुष्य किती लांबलं ते पाहू. स्वातंत्र्याच्या सुमारास भारतात जन्मलेल्या मुलाचं सरासरी आयुर्मान होतं सुमारे ३२ वर्षं. आज ते सत्तरीच्या आसपास आहे. याचा अर्थ तेव्हा सगळे तिशीत मरत होते असा नाही. बाळंतपणात आणि बालपणात इतके जीव जात, की सरासरी खाली ओढली जाई. जे त्यातून वाचत, ते म्हातारेही होत. पण अशी माणसं गावात मोजकी असत. आता त्यांची संख्या वाढली आहे. २०११ साली देशात साठीच्या पुढचे लोक १० कोटींहून अधिक होते, महाराष्ट्रात दर दहा माणसांमागे जवळपास एक. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी आणि मुंबईची लोकसंख्या विज्ञान संस्था यांच्या २०२३च्या अहवालानुसार, २०५० साली देशातला दर पाचवा माणूस साठीपुढचा असेल.

आपल्याकडे दीर्घायुष्य मोजायचं एक सुंदर माप आहे, सहस्रचंद्रदर्शन. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस; त्या हिशेबानं हजार पौर्णिमा पाहायला ८० वर्षं आणि सुमारे दहा महिने लागतात. पूर्वी हा सोहळा क्वचित एखाद्या घरी व्हायचा. आज साठीशांत, अमृतमहोत्सव आणि मग सहस्रचंद्रदर्शन अशी रांगच घराघरांत लागते. एक अख्खा नवा टप्पा माणसाच्या आयुष्याला जोडला गेला आहे, आणि त्या टप्प्यात कसं जगायचं हे सांगायला आधीच्या पिढ्यांचा अनुभव पुरेसा नाही.

या टप्प्यात मनाचं काय होतं, यावर जगभर पुष्कळ अभ्यास झाला आहे. एरिक एरिक्सन यांनी १९५० साली माणसाच्या वाढीचे आठ टप्पे मांडले. शेवटच्या टप्प्यात माणूस मागे वळून पाहतो. जगलो ते आपलंच होतं, असं वाटलं तर मन एकसंध राहतं. नाही वाटलं तर हळहळ उरते. पुढे लॉरा कार्स्टेनसेन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याहून नेमका प्रश्न विचारला. एकविसाव्या वर्षी त्यांना मोठा अपघात झाला आणि हाडांच्या वॉर्डात म्हाताऱ्या बायकांच्या सोबतीनं बरेच दिवस काढावे लागले. तिथे त्यांना जाणवलं, की आपल्याला जे आता महत्त्वाचं वाटतंय, तेच या बायकांना वाटतंय. ओळखी वाढवाव्यात, नवं काही करावं, ही ओढ ओसरली होती. जवळची चार माणसं भेटावीत, एवढंच उरलं होतं.

पुढच्या संशोधनातून त्यांनी दाखवलं, की नजर बदलते ती हातात किती वेळ उरला आहे या जाणिवेनं. वेळ भरपूर आहे असं वाटतं तेव्हा माणूस माहिती, ओळखी, संधी गोळा करतो. वेळ थोडा आहे असं वाटलं, की तो निवड करायला लागतो. एरवी ही जाणीव वयासोबत येते. पण हाँगकाँगमध्ये १९९७च्या सत्तांतराआधी आणि २००३च्या सार्सच्या साथीत तरुणांची पसंतीही म्हाताऱ्यांसारखी झाल्याचं आढळलं. एक काळ संपतोय असं वाटलं आणि तरुण माणसंही जवळच्यांकडे वळली. रझाकारात घर सोडणाऱ्या विशीतल्या माणसाला किंवा बहात्तरला खडी फोडणाऱ्या लेकुरवाळ्या बाईला ही गोष्ट कुणी सांगायची गरज नव्हती.

हिंगोलीच्या मातीतली तीन आयुष्यं याच संदर्भात आठवतात.

पहिलं संत नामदेवांचं. कयाधू नदीकाठचं नरसी हे त्यांचं जन्मगाव, असं परंपरा मानते. त्यांचा काळ १२७० ते १३५०. म्हणजे सुमारे ऐंशी वर्षं, हजार पौर्णिमांना थोड्याच कमी. त्यांचे जिवलग ज्ञानेश्वर १२९६ साली, एकविसाव्या वर्षी समाधिस्थ झाले. नामदेव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते आणि पुढची चौपन्न वर्षं त्यांना मित्राशिवाय काढायची होती. परंपरेतली एक कथा त्यांच्या तरुणपणाची आहे. संतमेळ्यात गोरा कुंभारांनी थापटीनं एकेकाची डोकी ठोकून पाहिली आणि नामदेवांचं मडकं कच्चं ठरवलं. दुखावलेले नामदेव गुरूच्या शोधात औंढा नागनाथला आले. पाहतात तर देवळात एक म्हातारा शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून निजलेला. नामदेवांनी जाब विचारला, तर तो म्हणाला, जिथे देव नसेल तिथे माझे पाय उचलून ठेव. ते विसोबा खेचर. पाय ठेवायला तशी जागा नामदेवांना सापडली नाही, आणि त्यांची देवाकडे पाहायची रीतच बदलली.

ही गोष्ट नीट पाहिली, तर तिच्यात तरुणाला शहाणं करतो तो एक म्हातारा. आणि तो उपदेश करत नाही, स्वतः पाय हलवायला सांगतो. नामदेवांच्या पुढच्या आयुष्यात त्याचं फळ दिसतं. एका गावातल्या एका मूर्तीवर जीव जडलेला हा भक्त पुढे उत्तरेकडे निघाला, पंजाबात वर्षानुवर्षं राहिला. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदं आहेत. पंजाबातलं घुमान आजही त्यांच्या नावानं ओळखलं जातं, आणि २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे भरलं. उतारवयात माणूस आक्रसतो, या समजाला नामदेवांच्या चौपन्न वर्षांनी दिलेलं उत्तर मोठं आहे.

दुसरं आयुष्य नानाजी देशमुखांचं. ११ ऑक्टोबर १९१६ रोजी हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीत त्यांचा जन्म झाला. जनसंघाचे ते मोठे संघटक. १९७७ साली उत्तर प्रदेशातल्या बलरामपूरमधून लोकसभेवर निवडून आले, आणि केंद्रातलं मंत्रिपद समोर असताना त्यांनी ते घेतलं नाही. साठीनंतर राजकारण्यांनी सत्तेपासून दूर व्हावं, असं ते म्हणत होते, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतः सक्रिय राजकारण सोडलं. त्यानंतर त्यांना आणखी तीस वर्षं मिळाली. ती त्यांनी आधी गोंडा जिल्ह्यात आणि मग चित्रकूटला ग्रामीण विकासाच्या कामात घातली. १९९१ साली चित्रकूटला ग्रामोदय विद्यापीठ उभं केलं. २७ फेब्रुवारी २०१० रोजी ते गेले, तेव्हा त्र्याण्णव वर्षांचे होते. देह दिल्लीच्या एम्सला दान केला. २०१९ साली त्यांना मरणोत्तर भारतरत्न मिळालं. त्यांचं राजकारण कोणाला पटो वा न पटो, खुर्ची सुटल्यावरही काम राहतं, हे त्यांनी तीस वर्षं जगून दाखवलं.

तिसरं आयुष्य छोटं. नरहर कुरुंदकर कळमनुरी तालुक्यातल्या नांदापूरचे. आडनाव वसमत तालुक्यातल्या कुरुंद्याचं. १९३२चा जन्म. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, आणि इतिहास, साहित्य, राजकारण, संगीत यांवर महाराष्ट्रभर बोलणारे विचारवंत. १० फेब्रुवारी १९८२ रोजी औरंगाबादेत व्यासपीठावरच त्यांचं हृदय थांबलं. पन्नाशीही झाली नव्हती. म्हातारपणी कुरुंदकरांची मतं कोणत्या बाजूला वळली असती, हा प्रश्न मराठवाड्यातल्या वाचणाऱ्या माणसाला आजही हुरहूर लावतो. ज्ञानेश्वरांप्रमाणेच त्यांचं उदाहरण सांगतं, की समज यायला म्हातारं व्हावंच लागतं असं नाही. मात्र समज आल्यावर ती बदलून, तपासून, पुन्हा मांडून पाहायला वर्षं लागतात, आणि ती सगळ्यांना मिळत नाहीत.

ही मोठी माणसं झाली. सामान्य माणसाच्या म्हातारपणाबद्दल पाश्चात्त्य अभ्यास एक दिलासा देतात. २००८ साली ब्लँचफ्लॉवर आणि ऑसवाल्ड या अर्थशास्त्रज्ञांनी अनेक देशांतली माहिती तपासून सांगितलं, की समाधानाचा आलेख वाटीसारखा असतो: तरुणपणी वर, चाळिशीच्या मध्यावर तळाशी, आणि पुढे पुन्हा वर. म्हणजे साठीत माणूस पंचेचाळिशीपेक्षा सुखी. त्याआधी २००२ साली बेका लेव्ही यांनी अमेरिकेतल्या ओहायोतल्या एका छोट्या गावाच्या ६६० लोकांची माहिती अभ्यासली. ज्यांचा स्वतःच्या म्हातारपणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन चांगला होता, ते इतरांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं अधिक जगले होते. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून आपण ज्यांना गप्प बसवतो, त्यांचं किती नुकसान करतो, हे या अभ्यासावरून कळतं.

पण हा दिलासा सगळीकडे लागू नाही. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली जगाच्या वेगवेगळ्या भागांची तुलना केली. वाटीचा आलेख श्रीमंत, इंग्रजी बोलणाऱ्या देशांत ठळक होता. पूर्वीच्या सोव्हिएत देशांत समाधान वयासोबत उतरतच गेलेलं दिसलं. आफ्रिकेच्या सहाराखालच्या देशांत वयानं फारसा फरकच पडत नव्हता. म्हातारपणात मन शांत होतं, हे खरं. पण पेन्शन, दवाखाना आणि ऐकणारं माणूस हे तिन्ही जागेवर असतील तिथे खरं. हिंगोलीच्या खेड्यातला प्रश्न नेमका इथे येतो.

इथल्या म्हाताऱ्याची पेन्शन म्हणजे श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. वय पासष्ट, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१ हजारांच्या आत, असा नियम. ही मर्यादा दिवसाला ५८ रुपयांहून कमी भरते, तीही अख्ख्या घरासाठी. जुलै २०२३ पासून महिन्याला १,५०० रुपये मिळतात, म्हणजे रोजचे ५०. रक्कम लहान आहे. पण ती कोणाच्या हातावर पडते याला मोल आहे. सुनेकडे चहापत्तीला पैसे मागावे लागणं आणि नातवाच्या हातावर दहाची नोट ठेवता येणं, यांत घरातलं सगळं स्थान बदलतं.

हे पैसे चालू राहावेत म्हणून दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत, हे तहसीलला सांगायचं. त्यासाठी तालुक्याला जायचं, रांगेत उभं राहायचं. अंगठा यंत्रावर ठेवला की अनेकांचा ठसा उमटत नाही. आयुष्यभर दगड, माती, विळा आणि उसाचं पाचट यांनी बोटांवरच्या रेषा झिजवलेल्या असतात. ज्या कष्टांनी हे म्हातारपण आणलं, त्याच कष्टांनी ओळखही पुसून टाकली, आणि यंत्रासमोर तो माणूस पुन्हा पुन्हा बोट पुसून ठेवत राहतो. गावातच दाखला घेणं, डोळ्यांच्या ठशावर किंवा ग्रामसेवकाच्या पडताळणीवर काम भागवणं ही सोय काही ठिकाणी होते; ती सगळीकडे व्हायला हवी.

घरातलं चित्रही बदललं आहे. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जोडपी बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. शिकलेली मुलं पुण्याला, छत्रपती संभाजीनगरला (औरंगाबाद), हैदराबादला जातात. ऊसतोडीचे चार-पाच महिने कितीतरी वस्त्यांवर आणि तांड्यांवर म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं एवढीच उरतात. आजी पुन्हा आई होते: पहाटे भाकरी थापते, पोरांना शाळेत धाडते, ताप आला तर दवाखान्यात नेते. कार्स्टेनसेन सांगतात ती निवड करायची मोकळीक तिला नसते; तिची निवड परिस्थितीनं आधीच केलेली असते. शिवाय बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात आणि लग्नात वयानं लहान असतात, म्हणून शेवटची वर्षं एकटीनं काढायची पाळी बहुतेक त्यांच्यावरच येते. सातबारावर नाव नसलेली ही बाई घराची वाटणी झाली, की एक महिना थोरल्याकडे, एक महिना धाकट्याकडे अशी फिरत राहते.

यावर कायदा आहे. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासाठीचा २००७चा कायदा प्रांत अधिकाऱ्यापुढे वकिलाशिवाय दाद मागायला परवानगी देतो. निर्वाहभत्त्याचा निकाल साधारण ९० दिवसांत लागावा, अशी अपेक्षा आहे. सांभाळण्याच्या अटीवर जमीन बक्षीस दिली आणि सांभाळ झाला नाही, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. म्हणून ती अट कागदात स्पष्ट लिहिणं महत्त्वाचं. मराठवाड्यातच लातूर जिल्हा परिषदेनं २०२० साली, आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती पालकांना द्यायचा निर्णय घेतला. तरी पोटच्या पोराविरुद्ध अर्ज करायला किती आई-बाप तयार होतात? अर्ज न करणं हा भित्रेपणा नसतो. उरलेल्या वेळात काय जपायचं आणि काय सोडायचं, याचा तो त्यांचा हिशेब असतो, आणि बहुतेक वेळा ते नातं जपतात.

वसमतची हळद देशात नाव कमावून आहे. २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. हळदीच्या लागवडीत मधल्या मोठ्या कंदाला जेठा गड्डा म्हणतात. बेण्यासाठी शेतकरी तोच आधी निवडतो, कारण त्यातून येणारा कोंब जोमदार असतो. त्याच शेतातला जेठा माणूस मात्र लागवडीच्या निर्णयात आता विचारला जात नाही. ज्वारी आणि कापूस मागे पडून सोयाबीन आलं, बैल जाऊन ट्रॅक्टर आला, आणि दावणीवरच्या ज्ञानाला गिऱ्हाईक उरलं नाही. तरीही बेणं कसं निवडावं, हळद शिजली हे काडी टोचून कसं ओळखावं, कोणत्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी टिकतं, हे विचारायला पोरगं बाजेपाशी येऊन बसतं, त्या दिवशी म्हाताऱ्याचं जेवण दोन घास जास्त जातं. काम आणि विचारणा यांची गरज वयानं कमी होत नाही, हे कोणत्याही घरात पाहता येतं.

मोकळं होण्याच्या वाटाही आहेत. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. पासष्टपासून अर्धं तिकीट आहेच, आणि मार्च २०२३ पासून सगळ्याच बायकांना अर्धं. तेव्हापासून लेकीच्या गावाला, दूर दिलेल्या बहिणीला, औंढ्याच्या नागनाथाला जायला पोराची परवानगी आणि पैसे दोन्ही मागावे लागत नाहीत. शेगावहून पंढरपूरला निघालेली गजानन महाराजांची पालखी याच जिल्ह्यातून जाते. रस्त्याकडेला हात जोडून उभ्या असलेल्यांत आणि पालखीमागे चालणाऱ्यांत पांढऱ्या केसांची माणसं मोठ्या संख्येनं असतात. वारीत त्यांना कुणी बसून राहा म्हणत नाही. फडात वय विचारत नाहीत, पाठांतर विचारतात, आणि तिथे सत्तरीची बाई विशीतल्या मुलीला पुढचा अभंग सांगते.

१ मार्च २०२७ ही संदर्भतिथी धरून पुढची जनगणना होणार आहे. प्रगणक नरसीच्या, कुरुंद्याच्या, कडोळीच्या ओसरीवर येईल आणि वयाचा रकाना भरायला विचारेल. बाजेवरून उत्तर येईल, ‘रझाकारात मी रांगत होतो.’ बोटांवर हिशेब केला तर तो माणूस त्या वर्षी ऐंशीच्या घरात असेल, हजाराव्या पौर्णिमेच्या अगदी जवळ. प्रगणकाकडे वेळ कमी असेल, दिवसाला ठरावीक घरं करायची असतील. आधार कार्ड मागून त्यावरचं वर्ष टिपून तो पुढे जाईल, किंवा दोन मिनिटं ओसरीवर टेकेल आणि विचारेल, तेव्हा वऱ्हाडात कोणत्या गावाला गेला होता, बाबा?